पहिलं जपानी बाइंडिंग: योत्सुमे तोजी की ओरिहोन?

जपानी पद्धतीचं बाइंडिंग शिकायचंय, सुरुवात कशापासून करू, असं विचारलं की बहुतेक दोनच नावं पुढे येतात. पाठीजवळ चार भोकं पाडून दोऱ्याने शिवायचं योत्सुमे तोजी नाहीतर घड्यांचं ओरिहोन. दोन्ही करून झालंय म्हणून लिहितोय, बाकी ज्याचा त्याचा हात आणि ज्याचा त्याचा पेशन्स.

ओरिहोन बघितल्याबरोबर आवडतं, त्यात वाद नाही. सुई नाही, दोरा नाही, लांब पट्टीच्या झिगझॅग घड्या घालायच्या आणि दोन्ही टोकांना पुठ्ठे चिकटवायचे. जुन्या ग्रंथांच्या गुंडाळीतलं मधलंच काही वाचायचं तर अख्खी उलगडत बसावं लागायचं, ती कटकट या घड्यांनी संपवली, म्हणून बौद्ध सूत्रं यात आली आणि जपानी देवळांतले शिक्के घ्यायची गोशुइंचो वही आजही अशीच असते. टेबलावर सपाट पडतं, हवं तर सगळं ताणून एकच लांब चित्र करा. हे सुख योत्सुमेत नाही, आधीच सांगून टाकतो.

पण मला छळलं ते घडीने. प्रत्येक घडी आधीच्या घडीवर टेकवून घालतो ना आपण, मग एक घडी अर्धा मिलिमीटर सरकली की पुढची तिच्यावर, त्याच्या पुढची अजून थोडी, आणि शेवटी गठ्ठा बाजूने बघितला तर काही घड्या इकडे बाहेर, काही तिकडे आत. बरं, कापून सरळ करावं म्हटलं तर कापणार कुठे, दोन्ही बाजूंना घड्याच आहेत, सुरी फिरवली की पट्टीचे तुकडे! फक्त वरची आणि खालची कड छाटता येते. शिवाय एवढा लांब कागद सहसा मिळत नाही, म्हणजे तुकडे खळीने जोडायचे आणि मुंबईसारख्या दमट हवेत पावसाळ्यात खळ वाळता वाळत नाही, तोवर जोडाजवळ कागदाला लाटा आलेल्या असतात.

योत्सुमेत घडी असते पण तिची चूक पुढे जात नाही. प्रत्येक कागद वेगळा, मधोमध दुमडायचा, सगळ्या घड्या उघडायच्या बाजूला घेऊन टेबलावर ठोकून एका रेषेत आणायच्या, जे काय कमीजास्त असेल ते सगळं पाठीकडे जातं आणि तिथे बिनधास्त छाटता येतं. माझ्यासाठी निकाल इथेच लागला. जपानच्या एदो काळातली (सतरावं ते एकोणिसावं शतक) बहुतेक छापील पुस्तकं अशीच दुमडलेली, कारण पातळ वाशी, म्हणजे जपानी हातकागद, शाई लावलेल्या लाकडी ठोकळ्यावर ठेवून मागून बारेनने, म्हणजे घासायच्या चकतीने, घासायची, मग मागची बाजू छपाईला उरतच नाही, ती घडीच्या आत लपवायची.

शिवण्याआधी एक पायरी असते, ती बरेच व्हिडिओ गाळतात. वाशीची बारीक पट्टी बोटांत पिळून कोयोरी करायची, दोऱ्यासारखी कडक होते, ती त्यासाठी पाडलेल्या वेगळ्या आतल्या भोकांतून ओवून गाठ मारायची आणि लाकडी हातोडीने ठोकून चपटी करायची. मग वरचा दोरा उद्या तुटला तरी पानं सुटत नाहीत. पहिल्याच पुस्तकाला ही करा, प्लीज. नंतर पुस्तकाच्या उंचीच्या चौपटीच्या आसपास दोरा घ्यायचा. शिवण आवडली नाही तर दोरा काढून त्याच भोकांतून परत शिवता येतं. भोकांना अंतर पाठीपासून साधारण सेंटिमीटरभर ठेवा, त्याहून जवळ गेलं तर कागद फाटायची भीती.

आता योत्सुमेची खोड. पूर्ण उघडत नाही, लिहिताना अंगठ्याने दाबून धरावं लागतं. यात कागदाचा हात मोठा आहे असं मला वाटतं. आपल्याकडचा जाड कॉटन रॅगचा हातकागद दुमडून दुप्पट केला की पुस्तक वखारीच्या दारासारखं हटून बसतं, तोच तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा पातळ कोझो वाशी घेतला तर पानं मऊ पडतात. सरावाला झेरॉक्सचा ए-फोर चालतो, फक्त त्याचा ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, सहसा लांबीच्या दिशेने असतो, दुमडून ए-फाइव्ह केला की ग्रेन आडवा येतो आणि पानं ताठ राहतात. ए-थ्री अर्धा कापून ते ए-फोर दुमडा, लगेच फरक कळेल.

आणि चार भोकं जमली की रस्ता पुढे चालू राहतो. कोपऱ्यांत जादा भोकं पाडली की कोकी तोजी, मग कासवाच्या पाठीचं किक्को, मग भांगेच्या पानाचं आसानोहा, हत्यारं तीच. ओरिहोनचंही पुढे बरंच काही करता येत असेल, मी तिथवर थांबलो नाही.

तरीही स्केचबुकसाठी सपाट उघडणारंच हवं असेल तर ओरिहोन घ्या, नाही म्हणत नाही. फक्त घड्या एकामागून एक घालू नका, पट्टी आधी अर्धी, मग प्रत्येक अर्ध्याचं अर्धं असं करत जा, सरकणं बरंच कमी होतं. आणि जोड द्यायचे असतील तर पावसाळा संपू द्या.