दोन्हीकडून दलाली घेणारा एकच ब्रोकर: १० महिन्यांनंतरचा अनुभव

मार्चमध्ये लिहिलं असतं तर पाच तारे देऊन मोकळा झालो असतो. ऑगस्टमध्ये लिहिलं असतं तर शिव्या दिल्या असत्या. आता जानेवारी आहे, डोकं थंड आहे, म्हणून लिहितोय.

आधी हिशेब सांगतो. गेल्या जानेवारीत त्रिमूर्ती नगरातला आमचा जुना वन बीएचके ३४ लाखांना विकला आणि मार्चमध्ये मनीष नगरात वरच्या मजल्यावरचा टू बीएचके ५८ लाखांना घेतला. दोन्ही सौदे एकाच ब्रोकरनं जमवले. दोन्ही वेळा समोरची पार्टीही त्याचीच होती. दलाली प्रत्येकाकडून एक टक्का. माझे ९२ हजार गेले, समोरच्या दोघांचे मिळून तेवढेच. नाव लिहीत नाही, कारण हा एका माणसाचा प्रश्न नाही. नागपुरात जुन्या फ्लॅटचे किती तरी सौदे असेच होतात.

चांगलं काय होतं ते आधी. माणूस कामाचा आहे. फोन पहिल्या रिंगला उचलतो. ‘घर वहिनींच्या एकट्या नावावर घ्या, मुद्रांक शुल्कात १ टक्का वाचेल,’ हे त्यानंच सांगितलं. माझं नाव सोबत असतं तर ती सवलत मिळाली नसती. ५८ हजार तिथेच वाचले. व्यवहार ५० लाखांच्या वर असल्यामुळे विकणाऱ्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापून आपणच भरायचा असतो, हेही त्यानंच बजावलं. रजिस्ट्रीच्या दिवशी साक्षीदार, झेरॉक्सवाला, टोकन नंबर, सगळं हजर. भर उन्हात आम्ही झाडाखाली उसाचा रस पीत बसलो आणि काम झालं.

आता डायरीबद्दल. कुठल्याशा बँकेची, कोपरे झिजलेली निळी डायरी त्याच्याकडे कायम असते. जुनं घर विकायचं ठरलं तेव्हा आम्ही तर्री पोह्याच्या ठेल्यावर भेटलो होतो. एका हातात प्लेट, दुसऱ्या हातानं त्यानं पान उघडलं. मधोमध उभी रेघ. डावीकडे माझा आकडा, उजवीकडे घेणाऱ्या पोराचा. पोरगा मिहानमध्ये नोकरीला, नवीन लग्न झालेला. ब्रोकर हळूच म्हणाला, ‘सर, त्याचं लोन २८ पर्यंत बसतं. सासरे ६ देतायत. ३४ च्या खाली उतरूच नका.’

मी उतरलो नाही. पोरानं ३२ म्हटलं, ३३ म्हटलं, शेवटी ३४ वर आला. त्या रात्री घरी मी फार खुशीत होतो. काय माणूस भेटला, म्हटलं. त्या पोराच्या सासऱ्यांचे ६ लाख मला कसे कळले, हा प्रश्न मला पडलाच नाही. फायदा आपल्या ताटात पडत असला की असले प्रश्न पडत नाहीत बाप्पा.

त्यानंतर घर बघताना ठेला तोच, डायरीही तीच. त्यानं विचारलं, ‘सर, बजेट किती पकडू?’ मी म्हणालो, ‘५५ पर्यंत ठीक, फारच आवडलं तर ५८.’ त्यानं ५८ लिहिलं आणि खाली रेघ मारली. ५५ लिहिलंच नाही. ते मी बघत होतो, तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही.

घर एका निवृत्त शिक्षिका काकूंचं. मुलगा पुण्यात, त्या तिकडे निघालेल्या. मागणी ६० ची. आम्ही ५४ पासून सुरुवात केली. दोन दिवसांनी फोन आला, ‘काकू ५८ च्या खाली ऐकत नाहीत सर, आणि अजून एक पार्टी येऊन गेली.’ आमचं जुनं घर ३१ मार्चला रिकामं करून द्यायचं होतं. आई म्हणाली, ‘किती फिरशील रे, घेऊन टाक.’ घेतलं.

जुलैत झड लागली आणि मोठ्या खोलीत, कपाटाच्या वरच्या कोपऱ्यात, ताटाएवढा ओला डाग उमटला. मार्चमध्ये घर बघायला गेलो तेव्हा तिथे नव्या रंगाचा वास होता. मला तो स्वच्छतेचा वास वाटला होता. ऑगस्टमध्ये अपार्टमेंटची नोटीस आली: गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि लिफ्टचं काम, प्रत्येक फ्लॅटमागे ६२ हजार. सचिवांकडे जाऊन मिनिट बुक बघितलं. ठराव डिसेंबरचा होता, आम्ही घर बघायच्या तीन महिने आधीचा. मग त्यांनी काकूंना दिलेलं नादेय प्रमाणपत्र? तेही खरंच होतं. मागणीच काढलेली नव्हती, म्हणून त्या तारखेला बाकी शून्य. कागद सगळे बरोबर होते.

ब्रोकरला फोन केला. तो अजिबात गडबडला नाही. म्हणाला, ‘काकूंनी सांगू नका म्हटलं होतं सर. त्याही माझ्या पार्टीच ना.’

या वाक्यावर मी महिनाभर विचार केला. कारण ते खरं होतं. त्यानं मला सांगितलं असतं तर काकूंशी बेइमानी झाली असती, सांगितलं नाही म्हणून माझ्याशी झाली. दोन डगरींवर हात ठेवणारा माणूस वाईटच असतो असं नाही, पण दोघांपैकी एकाला तो बुडवणारच. आणि कुणाला, हे तोच ठरवणार.

नोव्हेंबरात काकू हयातीच्या दाखल्यासाठी नागपूरला आल्या आणि उरलेली पुस्तकं न्यायला घरी डोकावल्या. चहा झाला. बोलता बोलता म्हणाल्या, ‘मी तर ५५ लाच द्यायला तयार होते. तोच म्हणाला, थांबा काकू, त्यांचं जुनं घर विकून झालंय, मार्चअखेर त्यांना कुठं तरी जावंच लागणार आहे, ५८ देतील.’ मग गच्चीचं विचारलं. त्या दुखावल्याच. ‘अगं बाई, मी तर त्याला म्हटलं होतं, हे त्यांना आधी सांग म्हणून!’ हिनं माझ्याकडे बघितलं, मी कपाकडे.

काकू खऱ्या की ब्रोकर खरा, मला आजही माहीत नाही. दोघांच्या मध्ये एकच माणूस असला की ताडून बघायला दुसरी जागाच नसते. काकूंशी सौद्याआधी मी एकदाही एकट्यानं बोललो नव्हतो. ‘थेट बोललात की भाव बिघडतो सर,’ असं तो म्हणायचा आणि मला ते शहाणपणाचं वाटायचं.

नंतर रागाच्या भरात कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ५५ च्या जागी ५८ झाले, म्हणजे माझे ३ लाख गेले. त्याला त्यातून किती मिळाले? दोन्हीकडचे मिळून ६ हजार. सौदा मोडला असता तर १ लाख १६ हजार बुडाले असते. म्हणजे त्याचा जीव भावात नव्हता, सौदा लवकर उरकण्यात होता. आणि सौदा उरकायचा तर ज्याची मान अडकलेली आहे त्याच्यावर भार टाकणं सगळ्यात सोपं. पहिल्या सौद्यात तो पोरगा, दुसऱ्यात मी. माझी मान किती अडकली आहे हे त्याला पक्कं माहीत होतं, कारण ती तारीख पहिल्या सौद्यात त्यानंच ठरवून दिली होती.

त्याच्या कार्डावर महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या सरकारी यंत्रणेचा, नोंदणी क्रमांक छापलाय. तो बघून मी निश्चिंत झालो होतो. क्रमांक खराच आहे, परीक्षाही त्यानं दिली असणार. पण २०१६च्या रेरा कायद्यातली एजंटची नोंदणी आहे ती नोंदणीकृत प्रकल्पांतल्या घरांच्या विक्रीसाठी. २००९ साली बांधलेल्या इमारतीतला फ्लॅट एका माणसानं दुसऱ्याला विकला, तर ती ढाल आपल्या कामाची नाही. वकील मित्राला विचारलं. त्यानं १८७२चा करार कायदा काढला: एजंटनं मालकाला, म्हणजे ज्यानं त्याला कामाला नेमलं त्याला, अंधारात ठेवून स्वतःसाठीच व्यवहार केला, तर त्यातल्या फायद्यावर मालक हक्क सांगू शकतो. मग म्हणाला, ‘पण त्यानं घर स्वतः घेतलं का? नाही. आणि तू त्याचा मालक आहेस असं कुठं लिहिलंय?’ कुठंच नाही. माझ्याकडे ५८ हजारांची एक पावती आहे, तीवर फक्त ‘सर्व्हिस चार्ज’ लिहिलंय.

माझा साळा सिंगापूरला असतो. तिथे एकाच सौद्यात एजंटला दोन्ही बाजूंचं काम करायला कायद्यानंच बंदी आहे, असं त्यानं सांगितलं तेव्हा आई म्हणाली, ‘मग तिथले लोक घर कसं घेतात?’

तारे? रजिस्ट्रीच्या कामाला साडेचार. भाव ठरवण्याला एक, तोही तर्री पोह्याचे पैसे त्यानं दिले म्हणून. पोराला विकताना त्याच ताटातलं मीही खाल्लंय, त्यामुळे फार तावातावानं बोलायचा मला हक्क नाही. एकदा वाटलं, त्या पोराला फोन करावा. केला नाही.

मावसबहीण सध्या बेसा भागात घर बघतेय. तिनं त्याचाच नंबर मागितला, मी दिला. तिला एवढंच सांगितलं की आकडा त्याला सांगू नकोस, जुनं घर कधी सोडायचंय तेही नको. मिनिट बुक स्वतः मागून दोन वर्षांचे ठराव वाच, आणि विकणाऱ्याच्या घरी एकदा त्याच्याशिवाय चहाला जा. दलालीची पावती घेशील तेव्हा ‘खरेदीदाराच्या वतीनं’ एवढे दोन शब्द लिहून माग. तिनं मागितले. तो हसला म्हणे, आणि लिहून दिले नाहीत. ती आता दुसरा शोधतेय.

वॉटरप्रूफिंगचं काम डिसेंबरात झालं. आमचे ६२ हजार दोन हप्त्यांत भरले, काकूंकडे मागितले नाहीत. डागावर अजून रंग दिलेला नाही. एक पावसाळा जाऊ देतो.