ऑल ब्लॅक्स की स्प्रिंगबॉक्स: जीव कुणावर लावायचा?

2025 च्या जूनमध्ये अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडासंकुलात सेव्हन्सची लीग झाली, तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच जणांना रग्बीची चटक लागली आहे. सात जणांचं रग्बी बघून झालं की माणूस पंधराच्या खेळाकडे वळतो आणि वळला की पहिला प्रश्न ठरलेला: टीम कुठली धरायची? भारताची आहेच, ती कुणी सोडायला सांगत नाही. पण तिचे सामने वर्षातून मोजके, तेही दिसले तर दिसले. बाकीचे शनिवार कुणाच्या तरी नावाने घालवायचे असतात. आयर्लंड, फ्रान्स असे फाटे फुटतात खरे, पण शेवटी गाडी येऊन थांबते ती न्यूझीलंडच्या ऑल ब्लॅक्स आणि दक्षिण आफ्रिकेच्या स्प्रिंगबॉक्सपाशीच. मी याच फाट्यावर बराच काळ घुटमळलो होतो, म्हणून लिहितोय.

सामन्याआधीचं ‘हाका’ नृत्य कोण करतं, विश्वचषक कुणाचे किती, हे सांगत बसत नाही. ते तुम्हाला माहीत आहे. टीम धरायची म्हणजे प्रत्यक्षात दोन गोष्टींशी गाठ पडते: ते लोक संघ कसा निवडतात, आणि पोरं कुठून आणतात. सामने वर्षाला बारा-पंधरा, पण निवडीवरची भांडणं बारमाही. ती भांडणं ज्याला आपली वाटत नाहीत तो दोन मोसमांत गळतो.

आधी वेळेचं उरकतो. न्यूझीलंडमधला संध्याकाळचा कसोटी सामना (रग्बीत देशादेशांतल्या सामन्याला कसोटी म्हणतात) आपल्याकडे दुपारी साडेबाराच्या सुमारास लागतो. शनिवार दुपार, पानावर वरण-भात, घरात कुणाची झोपमोड नाही. दक्षिण आफ्रिकेतला संध्याकाळी पाचचा सामना आपल्याकडे रात्री साडेआठला, म्हणजे नेमका मालिका किंवा पाहुण्यांच्या वेळेला. एकच टीव्ही असेल तर न्यूझीलंड सोयीचं, यात वाद नाही.

पोरं घडवण्याच्या बाबतीतही माझं माप न्यूझीलंडच्या पारड्यात जातं. ऑकलंडसारख्या ठिकाणी लहान मुलांच्या स्पर्धा वयाबरोबर वजनाचे गट करून खेळवतात. बारा वर्षांचं सत्तर किलोचं पोरगं चाळीस किलोच्या अंगावर धावून जात नाही, म्हणून काटक पोरांना चेंडू हाताळायला शिकायला वेळ मिळतो. मोठ्यांमध्येही 85 किलोंच्या आतल्यांची देशव्यापी क्लब स्पर्धा आहे. फेबियन हॉलंडचं उदाहरण घ्या. नेदरलँड्समधला मुलगा, सोळाव्या वर्षी एकटा क्राइस्टचर्चला शाळेत आला, देशाकडून खेळायला लागणारी रहिवासाची वर्षं भरेपर्यंत खेळत राहिला आणि 2025 मध्ये फ्रान्सविरुद्ध काळी जर्सी घालून उतरला. वॉलेस सिटिटी हा तर सामोआच्या माजी कर्णधाराचा मुलगा. 2024 मध्ये पदार्पण आणि त्याच वर्षी जागतिक पातळीवर सर्वोत्तम नवोदिताचा मान. पोराची पारख त्यांना आहे.

तिथेही सगळं आलबेल आहे असं नाही. शाळांच्या पहिल्या संघांचे सामने टीव्हीवर दाखवायला लागल्यापासून दुसऱ्या शाळेतला तयार खेळाडू ओढून आणायची चढाओढ लागली. 2018 च्या अखेरीस ऑकलंडच्या दहा शाळांनी मिळून एका शाळेशी पुढच्या वर्षी खेळणारच नाही असं जाहीर केलं, ते याच कारणावरून. सतरा वर्षांच्या पोरांच्या स्पर्धेत बहिष्कार! पण भांडण होतं म्हणजे कुणाला तरी त्यात चुकीचं वाटतंय, हेही नसे थोडके.

दक्षिण आफ्रिकेत शाळा हाच धर्म. पार्ल गावातल्या दोन शाळांचा वार्षिक सामना बघायला वीस-पंचवीस हजार माणूस जमतं. 1964 पासून चालत आलेल्या क्रेव्हन वीकमध्ये प्रांतोप्रांतीचे अठरा वर्षांखालचे संघ येतात आणि तिथे चमकलेल्या मुलाचं नाव लोक पुढे दहा वर्षं विसरत नाहीत. ‘क्रेव्हन वीकला पाहिला होता मी याला’ हे वाक्य तिथला काका-मामा ज्या तोऱ्यात म्हणतो, तो तोरा आपल्या मैदानांवरही चांगला ओळखीचा आहे. खोट एवढीच की ही वाट मोजक्या, सधन शाळांमधूनच जाते. सिया कोलिसी झ्वीडे वस्तीतला; बाराव्या वर्षी ग्रे शाळेची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून पुढे 2018 मध्ये कसोटी संघाचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार झाला. त्याच वस्तीतल्या ज्यांच्यावर कुणाची नजर पडली नाही त्यांचं काय, हे तिथले लोकच विचारतात. प्रत्येक संघ जाहीर झाला की रंगाचा हिशेब मांडला जातो, ‘गुणवत्ता की प्रतिनिधित्व’ सुरू होतं. आपल्याला हा सूर नवा नाही, त्यामुळे बाहेरच्याने त्यात फार शहाणपणा शिकवू नये असं मला वाटतं.

इथवर वाचून वाटेल की मी ऑल ब्लॅक्सवाला. होतोही जवळजवळ.

अडलं ते एका नियमावर. न्यूझीलंडचा खेळाडू परदेशी क्लबकडे गेला की राष्ट्रीय संघाची दारं बंद. क्रिकेटवाल्यांना चटकन समजेल: आपलं बोर्ड पुरुष खेळाडूंना परदेशातल्या लीगमध्ये खेळू देत नाही, तसलंच काहीसं. फरक इतकाच की आपल्या खेळाडूला पैशासाठी बाहेर जायची गरज नाही. त्यांच्या खेळाडूला आहे. जपान आणि फ्रान्समध्ये जो पैसा मिळतो तो घरी नाही, आणि रग्बीत गुडघे-खांदे किती वर्षं टिकतील याची हमी कुणी देत नाही. तिशीच्या आसपासचा माणूस गेला तर त्याला नावं ठेवायचं कारण नाही.

पण बघणाऱ्याचं काय होतं? माझ्या बाबतीत ते रिची मोउंगाने झालं. क्राइस्टचर्चच्या क्रुसेडर्स संघाकडून त्याला 2017 पासून बघत आलो. सलग सात वर्षं सात किताब, आणि त्या सगळ्यांत हा दहा नंबर, म्हणजे खेळाची सूत्रं हलवणारा फ्लाय-हाफ. बचावाची रांग अंगावर येत असताना हा अर्धं पाऊल थांबायचा, समोरचा चुकून एक पाऊल आत घ्यायचा आणि तेवढ्या फटीतून हा निघून जायचा. अशी सवय लागलेला खेळाडू म्हणजे शनिवारची घरची हजेरी. 2023 चा विश्वचषक संपला आणि तो तोक्योला तोशिबाच्या संघाकडे गेला. तिथे त्याच्या संघाने 2024 आणि 2025 अशी लागोपाठ दोन विजेतेपदं घेतली. इकडे न्यूझीलंडचे चाहते तावातावाने भांडत होते: दहा नंबरला मॅकेन्झी की ब्यूडन बॅरेट? मीही भांडत होतो, आणि मनातून माहीत होतं की त्या जागेचा खरा मालक जपानमध्ये भर फॉर्मात आहे. ज्या वादाचं उत्तर चर्चेतूनच वगळलंय तो वाद घालण्यात मजा राहत नाही. पुढे 2025 मध्ये त्याने परतीचा करार केला म्हणा, पण मधली वर्षं गेली ती गेलीच.

वर त्या नियमाला सवलतीची खिडकीही आहे. मोठा करार केलेल्या मोजक्यांना एखादा मोसम बाहेर खेळून येण्याची मुभा मिळते. ब्यूडन बॅरेट जपानला जाऊन आला, आर्डी सॅव्हिया कोबेला, जॉर्डी बॅरेट डब्लिनला लीन्स्टरकडे. परतले आणि संघात. मधल्या फळीतला गेला तर मात्र कायमचा गेल्यासारखा. याच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे, आणि ते कमी नाही: नियम सैल केला तर घरची स्पर्धा ओस पडेल, मग पोरं कुणाला बघून शिकणार? ऑस्ट्रेलियाने 2015 मध्ये अनुभवी खेळाडूंपुरती सूट दिली, ती वाढतच गेली. 2024 ला सूत्रं हाती घेतल्यावर न्यूझीलंडचे तेव्हाचे प्रशिक्षक स्कॉट रॉबर्टसननी आपल्याकडच्या नियमाचा फेरविचार व्हावा असं उघड बोलून दाखवलं. तिथलं रग्बी मंडळ बधलं नाही. मंडळाचा हिशेब चूक आहे असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मला त्याचा वैताग येतो, एवढंच.

दक्षिण आफ्रिकेनेही हा प्रयोग केलाय. 2017 मध्ये त्यांनी परदेशात खेळणाऱ्यांना किमान 30 कसोट्यांची अट घातली होती. प्रशिक्षक म्हणून रासी इरॅस्मस आल्यावर ती सैल झाली आणि 2019 मध्ये पार रद्द. चेझलिन कोल्बी त्याच दरम्यानचा. साडेपाच फुटांच्या जेमतेम वर. घरी म्हणायचे फार लहान आहे, तो फ्रान्सला तुलूझकडे निघून गेला. एकही कसोटी नावावर नसताना 2018 मध्ये तिथूनच त्याला बोलावलं, आणि पुढच्या वर्षी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याने ट्राय केला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवला. न्यूझीलंडमध्ये जन्मला असता तर हा माणूस आपण कधी बघितलाच नसता.

आणि मग 28 ऑक्टोबर 2023, याच दोघांतला विश्वचषकाचा अंतिम सामना. आपल्याकडे सामना सुरू झाला मध्यरात्रीनंतर साडेबाराला. कोजागिरीची रात्र, त्यात चंद्रग्रहण. ग्रहणामुळे आमच्याकडे मसाला दूध आटवलंच नाही. आईने दुधाच्या पातेल्यात तुळशीचं पान टाकून ते झाकून ठेवलं होतं. त्यामुळे जागरणाला फक्त रग्बी. तिसऱ्या मिनिटाला बोंगी म्बोनाम्बी जखमी होऊन बाहेर गेला आणि डिऑन फूरी आत आला, वय 37. या माणसाने देशासाठी पदार्पणच पस्तिशीत केलं होतं, तेही फ्रान्समध्ये बरीच वर्षं घालवून आल्यावर. त्याच्या लाइनआउटच्या, म्हणजे बाजूरेषेवरून चेंडू आत टाकायच्या, फेकी भरकटायला लागल्या तसा माझ्या पोटात गोळा. कारण ते काम हुकरचं, आणि दुसरा पक्का हुकर माल्कम मार्क्स स्पर्धेच्या सुरुवातीलाच जायबंदी झाला होता आणि त्याच्या जागी यांनी हुकर नव्हे, हँड्रे पोलार्ड मागवला होता. फ्लाय-हाफ! तेव्हा चाहत्यांनी निवडीची काय पिसं काढली होती विचारू नका.

त्या रात्री दक्षिण आफ्रिकेचे बाराच्या बारा गुण पोलार्डच्या चार पेनल्टींचे. तो तेव्हा इंग्लंडमध्ये लेस्टरकडून खेळत होता. न्यूझीलंडने कर्णधार सॅम केनला लाल कार्ड मिळूनही अकरापर्यंत मजल मारली. मोउंगाचं कन्व्हर्जन (ट्रायनंतरची जादा गुणांची किक) हुकलं, जॉर्डीची लांबून मारलेली पेनल्टी हुकली. शेवटच्या मिनिटांत कोल्बीला पिवळं कार्ड मिळालं, तो बाहेर खुर्चीवर बसून जर्सी तोंडावर ओढून घेऊन बसला, मैदानाकडे बघेना. बारा-अकरा. एका बाजूचा दहा नंबर परदेशातून बोलावलेला, दुसऱ्या बाजूचा परदेशी निघालेला. माझा कल कुठे झुकला हे त्यानंतर वेगळं ठरवावं लागलं नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या हिरव्या जर्सीची डोकेदुखी मात्र आधीच सांगून ठेवतो. खेळाडू चार देशांत विखुरलेले, त्यामुळे सगळ्यांवर नजर ठेवायची तर जपानची लीग, फ्रान्सची लीग, युरोपातली संयुक्त स्पर्धा असं सगळं धुंडाळावं लागतं, आणि एका वर्गणीत ते सगळं मिळत नाही. जुनी घरगुती करी कप स्पर्धा पार फिकी पडली आहे. मोसम कधी संपतो ते खेळाडूंनाही ठाऊक नसावं. शिवाय अनुभवी मंडळी जगभरातून हाताशी असल्यावर विशीतल्या पोराने थांबायचं किती, हा प्रश्न उरतोच.

त्याला उत्तर अलीकडे मिळतंय असं दिसतं. कॅनन मूडी एकोणिसाव्या वर्षी सिडनीत उतरला आणि पहिल्याच सामन्यात ट्राय करून आला. 2002 साली जन्मलेल्या साशा फाइनबर्ग-म्न्गोमेझुलूने (नाव म्हणायला मला वेळ लागला, तुम्हालाही लागेल) 2025 मध्ये डर्बनला अर्जेंटिनाविरुद्ध एकट्याने 37 गुण केले, त्यांच्या देशाचा विक्रम. त्याच वर्षी त्यांच्या वीस वर्षांखालच्या संघाने अंतिम सामन्यात न्यूझीलंडलाच हरवून जगज्जेतेपद मिळवलं, 2012 नंतर पहिल्यांदा. थोरला संघ तेव्हा वेलिंग्टनला 43-10 ने जिंकून आला. ऑल ब्लॅक्सच्या इतिहासातला तो सगळ्यात मोठा पराभव. अर्थात त्याच्या आदल्याच आठवड्यात ईडन पार्कवर न्यूझीलंडने त्यांना हरवलं होतं, तेव्हा एका निकालावर कुणी फेटे उडवू नयेत.

तर, घरात शिकतं पोरगं असेल आणि त्याला चेंडू कसा हाताळावा, पास कसा द्यावा हे दाखवायचं असेल, शनिवारी दुपारचा वेळ मोकळा असेल, तर न्यूझीलंड बघा. खेळ म्हणून ते आजही डोळ्यांना जास्त सुखावतं, हे मी हिरवी जर्सी घालूनही मान्य करतो. पण निवडीवर भांडायला आवडत असेल, आणि भांडताना सगळे पत्ते टेबलावर असावेत अशी अपेक्षा असेल, तर माझ्या बाकावर या. 2026 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात या दोघांच्या चार कसोट्या आखलेल्या आहेत, तीन दक्षिण आफ्रिकेत आणि चौथी अमेरिकेत बाल्टिमोरला. दोन्ही याद्या शेजारी ठेवा आणि गळलेली नावं शोधा. काळ्या यादीतली बरीचशी जपान नाहीतर फ्रान्समध्ये सापडतील. हिरव्या यादीतली एक तर दुखापतीने बसलेली असतील, नाहीतर त्यांच्यावरून इरॅस्मसला शिव्या घालायची तुम्हाला पूर्ण मुभा असेल.