‘४० डेन्सिटी’च्या नावाखाली सोफ्यात काय भरलं होतं

सोफ्याची बैठक खचली म्हणून एका सोफावाल्याला घरी बोलावलं. त्यानं फोमचा तुकडा हातात दिला. दाबून सोडला की टुणकन वर यायचा. "४० डेन्सिटी आहे ताई, दहा वर्षं बघायला नको." काम त्याच्या गाळ्यावर झालं. गाद्या आल्या त्या चारी बाजूंनी पक्की टीप मारून, चेन नाहीच. उचलून पाहिल्या तर चांगल्या जड.

पावसाळा संपेतो मधोमध खड्डे पडले. टीप उसवली. वर जेमतेम इंचभर हलका पीयू (पॉलियुरेथेन) फोम, म्हणजे सोफ्यात नेहमी असतो तो स्पंजासारखा. कडेनं रंगीबेरंगी रिबॉन्डेडच्या पट्ट्या, म्हणजे फोमचं कतरण चिकटवून दाबलेला माल. वजन त्याचंच! आणि मधे चक्क ईपीई, टीव्हीच्या खोक्यात येतो तो पांढरा फोम. धक्का सोसायला तो उत्तम, पण रोज कुणी वर बसलं की चपटतो आणि तसाच राहतो. रिबॉन्डेडही वाईट नाही. कडक गादीत खालच्या थराला मुद्दाम वापरतात. पण पैसे घेतले होते ४० च्या पीयूचे.

फोन केला तर उत्तर, "वापरानं फोम बसतोच." बिलावर नुसतं ‘सोफा काम’.

हाताने दाबून कळतो तो फक्त कडकपणा. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. हलका फोमही कडक करता येतो आणि भारी फोम मऊ असू शकतो. म्हणून तोलून बघा, तेही कव्हर घालायच्या आधी, कारण आत रिबॉन्डेड असेल तर काटाही फसतो. दोन फूट बाय दोन फूट, चार इंच जाडीचा अखंड तुकडा ४० चा असेल तर साधारण दीड किलो भरतो. १८ चा पाऊण किलोही भरत नाही. मेमरी फोम म्हणून कुणी काही दाखवलं तर तळहात दाबून उचला. ठसा सावकाश भरला पाहिजे. झटकन वर आला तर तो मेमरी फोम नव्हे.

दुसऱ्या कारागिराकडून बिलावर फोमचा प्रकार, डेन्सिटी आणि जाडी लिहून घेतली. फोम आमच्यासमोर कापून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, त्यानंही कुरकुर केली नाही. प्रत्येक गादीला चेन लावून घेतली.