८०७चा जुना एएम सेट: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

कुणी घरी बनवलेला ८०७चा सेट, म्हणजे ८०७ व्हॉल्व्हवर चालणारा हॅम रेडिओचा ट्रान्समीटर, विकतोय म्हटलं की आधी व्हॉल्व्ह बघू नका, तो अजून मिळतो. पॉवरचा आणि मॉड्युलेशनचा (आवाज सिग्नलवर चढवणारा), हे दोन ट्रान्सफॉर्मर बघा. लातुरात पंपाच्या मोटरी भरून देणारे रग्गड आहेत, पण मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर पुढं ठेवला की हात जोडतात. माझ्या सेटचे दोन्ही शाबूत होते आणि भाव भंगाराच्या थोडाच वर, म्हणून उचलला. फायनलला, म्हणजे अँटेनाला सिग्नल देणाऱ्या शेवटच्या टप्प्याला, एक ८०७; मॉड्युलेटरला ६एल६ व्हॉल्व्हची जोडी.

फिल्टरचे कपॅसिटर लगेच बदलले. जुने डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमी-जास्त करायचं यंत्र) हळूहळू चढवून वापरणारे आहेत, पण एखादा शॉर्ट झाला तर ट्रान्सफॉर्मर घेऊन जातो. तिथं काटकसर नको. दुकानदारानं जुना माल नवा म्हणून गळ्यात मारला, एक कपॅसिटर पहिल्याच संध्याकाळी फुगला. "याला गॅरंटी नसते," म्हणे. साठच रुपये, पण अजून डोक्यात आहेत.

आता खरी तक्रार. व्हीएफओ, म्हणजे सेटची फ्रिक्वेन्सी ठरवणारा ऑसिलेटर, सरकतो. आमची वस्ती शेतातल्याच डीपीवर (विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर). थ्री फेज आली की शिवारातले पंप एकदम सुरू होतात आणि घरात १८० व्होल्ट उरतात. व्हीआर-१५० ही व्होल्टेज स्थिर ठेवणारी नळी जांभळी पेटून प्लेटचे १५० व्होल्ट धरून ठेवते, पण व्हॉल्व्हचा कॅथोड तापवणाऱ्या हीटरला कोण विचारतो? ६.३च्या जागी पाचच. कॅथोड थंडावला की फ्रिक्वेन्सी निघाली फिरायला. "काका, तुम्ही सरकलात," हे ऐकून कान किटले. रिलेवाला स्टॅबिलायझर लावून पाहिला. तो टक्कन टप्पा बदलतो आणि सिग्नल उडी मारतो. सरकणं परवडलं.

मग ध्यानात आलं की बोंब मारणारे सगळे एलएसबीवर (सिग्नलची फक्त खालची बाजू घेणारी पद्धत) ऐकत होते. तिथं कॅरियरची, म्हणजे आवाज वाहून नेणाऱ्या मूळ लहरीची, शिट्टी होते, ती शंभर हर्ट्झ हलली तरी कानाला कळतं. रिसीव्हर एएमवर टाकणाऱ्यांना पत्ताही लागत नव्हता, कारण तिथं आवाज कॅरियरच्या चढउतारातून निघतो. त्यामुळं व्हीएफओला वर जे बोललो त्यातलं निम्मं मागे घेतो.

उरलेलं निम्मं ७८०६नं, म्हणजे सहा व्होल्ट स्थिर देणाऱ्या आयसीनं, मिटवलं. ऑसिलेटरच्या हीटरला वेगळा ९ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर, डायोड ब्रिज, फिल्टर आणि हा आयसी, हीटसिंकसकट. ६.३ऐवजी सहा व्होल्ट मिळतात, चालतात. तेवढा हीटर दिवसरात्र चालू ठेवतो, महिन्याला तीनेक युनिट जातात. बिलाकडं बघून मन कुरकुरतं, पण आता पंप चालू असतानाही बोलता येतं.

मागची जाळी काढाल तर आधी प्लग ओढा आणि ब्लीडरवर (कपॅसिटर रिकामे करणाऱ्या रेझिस्टरवर) भरवसा न ठेवता हाय व्होल्टेज चेसिसला शॉर्ट करा. आत पाल शिरते, म्हणून जाळी बारीक घ्या. मे महिन्यात दुपारी सेट लावू नका, खोलीत बसवत नाही.

जुन्या सेटात आयसी घातला म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा आमच्या डीपीवर यावं आणि सात मेगाहर्ट्झवर अर्धा तास बोलून दाखवावं. चहा माझ्याकडून.