रिप्लाय 1988: नवरा कोण ते सोडा, आईबाबांसाठी बघा

आधीच सांगते, पहिला एपिसोड बघताना तुम्ही मध्येच मोबाईल हातात घेणार. दीड तासाचा एक एपिसोड, असे वीस, आणि सुरुवातीला काय होतं तर पाच पोरं एका खोलीत पसरून टीव्ही बघतायत आणि त्यांच्या आया गल्लीतून जेवायला हाका मारतायत. हीरोची एंट्री नाही, श्रीमंत बापाचा मुलगा नाही, छत्रीखाली स्लो मोशन नाही, कोणी कोणाला मनगट धरून ओढत पण नाही. मैत्रिणीने खूपच मागे लागून बघायला लावलं नसतं तर मी तिथेच सोडलं असतं. आता मी लोकांच्या मागे लागते.

तर बेसिक माहिती. टीव्हीएन या कोरियन केबल चॅनेलवर नोव्हेंबर 2015 ते जानेवारी 2016 मध्ये लागलेली ही सिरीयल, दिग्दर्शक शिन वॉनहो, लेखिका ली ऊजंग. शेवटच्या एपिसोडचं रेटिंग 18 टक्क्यांच्या वर गेलं होतं, आणि केबलवरच्या सिरीयलसाठी ते तेव्हा भयंकरच होतं. गोष्ट सोलच्या उत्तरेकडच्या सांगमुनदोंग नावाच्या वस्तीतली, एका गल्लीतली पाच कुटुंबं आणि त्यांची बारावीच्या आसपासची पोरं. साल अर्थातच 1988, म्हणजे सोल ऑलिम्पिकचं. आपली हिरॉईन दोकसन (गर्ल्स डे बँडमधली हेरी, काय काम केलंय पोरीने!) उद्घाटनाच्या संचलनात मादागास्करची पाटी धरणार म्हणून कित्येक महिने प्रॅक्टिस करते आणि ऐनवेळी मादागास्कर येतच नाही. हे खोटं नाहीये हं, मादागास्करने खरंच त्या ऑलिम्पिकवर बहिष्कार टाकला होता. एका देशाच्या राजकारणामुळे सोलमधल्या एका अर्ध्या जमिनीखालच्या घरातली मुलगी रडतेय, तिथे मी फोन बाजूला ठेवला.

दोकसन मधली मुलगी. मोठी बोरा हुशार पण तोंडाने तिखट, धाकटा नोउल मुलगा म्हणून लाडका, आणि ही मधल्यामध्ये. चिकनचे लेगपीस त्या दोघांना, अंडी दोनच असली की त्या दोघांना, वाढदिवस तर तिचा वेगळा कधी होतच नाही, बोराचाच केक, त्यातल्या मेणबत्त्या थोड्या कमी करायच्या की झाला हिचा. एके दिवशी ती फुटते आणि मला पण अंडं आवडतं म्हणून जे काय रडते ना, आमच्या घरी माझी मधली नणंद शेजारी बसली होती, ती उठून सरळ किचनमध्ये गेली, तेव्हा मी काही विचारलं नाही. मग रात्री बाबा गल्लीत छोटा केक घेऊन तिची वाट बघत बसतात आणि म्हणतात की मी पण पहिल्यांदाच बाप होतोय, मला कुठे येतं सगळं. हे वाक्य नेटवर इतकं फिरलंय की माहीत असेल तुम्हाला, पण सिरीयलमध्ये ते येतं तेव्हा त्याआधीचा एक तास तुम्ही त्या पोरीबरोबर काढलेला असतो, म्हणून लागतं.

आणि इथेच माझा मुद्दा. बाकीच्या कोरियन ड्रामांमध्ये (मी भरपूर बघते, लपवत नाही) आईवडील म्हणजे एकतर मेलेले, नाहीतर हीरोची ती मोत्यांची माळ घातलेली आई जी पैशांचं पाकीट टेबलावर सरकवून माझ्या मुलाला सोड म्हणते. इथे आईवडिलांना स्वतःची गोष्ट आहे. नटांची खरी नावंच त्यांच्या पात्रांना दिलीयेत, सोंग दोंगइल, ली इलह्वा, रा मिरान, किम सोंगग्युन, त्यामुळे अजूनच खरं वाटतं. दोकसनचा बाप दोंगइल बँकेत नोकरीला आहे, पण मित्राला जामीन राहिला आणि बुडाला, म्हणून हे कुटुंब मिरानच्या घराखाली अर्ध्या तळघरात भाड्याने राहतंय. वर मिरानचं घर, त्यांना लॉटरी लागून एकदम पैसा आलाय. वरचे श्रीमंत आणि खालचे गरीब, यावरून दुसऱ्या कुठल्या सिरीयलने कारस्थानं केली असती. इथे काय होतं, दोकसनच्या आईला, इलह्वाला, पोरीच्या सहलीसाठी पैसे हवे असतात आणि मागायला जीभच उचलत नाही, विषय काढायला जाते आणि परत येते, नंतर मिरान मक्याच्या कणसांची टोपली देते, आणि कणसांच्या खाली पाकीट. कोणी कोणाला काही बोलत नाही. मी तो सीन मागे घेऊन परत बघितला.

पाच पोरांमधल्या सनऊची आई तर माझी फेव्हरेट. विधवा, पदरात दोन मुलं, स्वयंपाक अत्यंत वाईट. तिची आई भेटायला येणार म्हणून ती शेजाऱ्यांकडून कोळशाच्या वड्या उसन्या आणून रचून ठेवते, छोटीला चांगले कपडे मागून आणते, घर भरलेलं दिसावं म्हणून. म्हातारीला कळायचं ते कळतंच, जाताना पैसे ठेवून जाते. किम सनयंग या बाईने त्यानंतर फोनवर जो रडण्याचा सीन केलाय त्याला तोड नाही. आपल्याकडे माहेरी सगळं छान चाललंय म्हणणाऱ्या बायका काय कमी आहेत?

सगळे म्हणतात की ही म्हणजे आपली गिरगावातली चाळच. मला नाही पटत. भाजीच्या वाट्या इकडून तिकडे जातात एवढंच साम्य आहे (आणि तो सीन धमाल आहे, प्रत्येक पोराला एकेक वाटी देऊन पिटाळतात आणि शेवटी सगळ्यांच्या टेबलावर तेच सगळं). पण बोराला आंदोलनात होती म्हणून पोलीस न्यायला येतात, आई पावसात रक्ताळलेल्या पायाने धावत येऊन पोलिसांना माझी मुलगी किती गुणी आहे ते सांगत बसते, हे त्या देशाचं त्या वर्षांचं आहे. 1987 मध्ये तिथे लोकशाहीसाठी रस्त्यावर लोक उतरले होते, ते ताजंच होतं. ते त्यांचं त्यांना राहू द्यावं.

बाकी एक गोष्ट मात्र मराठी माणसाला चटकन समजेल. बोरा आणि सनऊ दोघंही सोंग, एकाच मूळगावचे सोंग, म्हणजे आपल्या भाषेत सगोत्र! तिथे तर अशा लग्नाला कायद्यानेच बंदी होती, 1997 ला तिथल्या घटना न्यायालयाने ती चुकीची ठरवली आणि 2005 मध्ये कायद्यातून काढलीच. त्यामुळे दोन्ही आया, ज्या रोज एकत्र भाजी निवडतात, त्या या लग्नाला अडून बसतात तेव्हा उगाच ड्रामा वाटत नाही.

आता इथून पुढे स्पॉयलर, मोठेपणी दोकसनचा नवरा कोण होतो हे ज्यांना कळून घ्यायचं नाही त्यांनी हा पॅरा सोडा.

सिरीयलचा सगळ्यात कमजोर भाग म्हणजे हेच, नवरा कोण. मिरानचा धाकटा मुलगा जंगह्वान की गल्लीतलाच तेक. तेक म्हणजे बादुक (गो नावाचा सोंगट्यांचा पटावरचा खेळ) खेळणारा चॅम्पियन, पार्क बोगमने केलाय, बुटाची लेस बांधता येत नाही पण बोर्डवर बसला की समोरच्याला घाम. मी जंगह्वानवाली होते आणि अजूनही आहे, पण माझी तक्रार ती नाहीये. तेक दोकसनसाठी मॅच सोडून येतो, जंगह्वान सिग्नलला अडकतो आणि स्वतःच म्हणतो की सिग्नलचा दोष नाही, माझ्याच संकोचाचा आहे, हे बरोबरच लिहिलंय. तक्रार अशी की आजच्या काळातला मोठा झालेला नवरा जो मुलाखत देताना दाखवतात तो मुद्दाम खवचट, आगाऊ ठेवलाय, म्हणजे आपल्याला जंगह्वान वाटावा म्हणून. तो लाजाळू तेक मोठा होऊन असा कसा होईल? प्रेक्षकाला फसवण्यासाठी पात्राचा स्वभावच बदलायचा हे काय बरं नाही. आणि या शोधाशोधीत पाचवा मित्र दोंगर्योंग बिचारा, सगळ्यांना सल्ले देतो, त्याची स्वतःची गोष्ट धड पूर्ण पण केली नाही.

अजून एक खटकलं. मिरान माहेरी जाऊन येते, घर अगदी टापटीप, आणि आपल्यावाचून कोणाचंच अडलं नाही म्हणून तिचा चेहरा पडतो, मग पोरं मुद्दाम पसारा करतात आणि ती ओरडत ओरडत खूश. हसले मी, खूप हसले, पण हसता हसता म्हटलं की अरे तिघा बाप्यांनी एवढ्यावरच भागवलं होय! तीच मिरान पासपोर्टच्या वेळी इंग्लिश वाचता येत नाही म्हणून मुलासमोर गप्प होते, तो सीन शंभर पट चांगला आहे.

दोकसनच्या आजीच्या मयताचा एपिसोड लवकरच येतो, दुसराच. पोरं रडवेली होऊन पोचतात तर तिथे मोठी माणसं खातायत, पत्ते कुटतायत, दोंगइल पाहुण्यांशी हसून बोलतोय. दोकसनला राग येतो. मग रात्री मोठा काका अमेरिकेहून पोचतो आणि ते सगळे पन्नाशीचे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून लहान मुलासारखे रडतात. या एपिसोडपर्यंत टिकलात तर पुढे मी सांगायची गरज नाही.

आणि हो, बोराच्या लग्नात बापाच्या पायात मुलीने दिलेले बूट, मापाला मोठे, आत कागद कोंबलेले. एवढंच सांगते, बाकी बघा.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो नवऱ्यासाठी आणि लांबीसाठी, शेवटचे एपिसोड तर फारच ताणलेत. 1.5 स्पीडने बघू नका, यातल्या शांततेतच अर्धी मजा आहे, आणि कोणी पडेल जोक मारला की मागून बकरीचं ब्यां ऐकू येतं ते पण चुकेल. याआधीचे दोन भाग आहेत, 1997 (2012 चा) आणि 1994 (2013 चा), गोष्टी वेगळ्या असल्यामुळे कुठूनही सुरू करा. मी आता 1994 लावलंय. तिथे पण परत नवरा कोण हेच चाललंय, पण आईबाबा इथले तेच दोघं, दोंगइल आणि इलह्वा, त्यामुळे सध्या सहन करतेय.