वय विचारले, उत्पन्न विचारले नाही : भांडुपच्या एका अंगणवाडीचा अनुभव

अंगणवाडी फक्त गरिबांच्या मुलांसाठी असते हा समज आमच्या चाळीत इतका घट्ट बसला आहे की, नातीला तिथे घालायचा विषय निघताच शेजारच्या वहिनींनी, "तुमचे रेशनकार्ड केशरी, पिवळे नाही, मग घेतील कशा?" असे विचारले. खरे सांगायचे तर माझीही समजूत तीच होती. प्रत्यक्षात उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला किंवा रेशनकार्डाचा रंग यांपैकी काहीही कोणी पाहिले नाही. सहा महिने ते सहा वर्षे वयाचे मूल त्या केंद्राच्या हद्दीत राहत असले की त्याची नोंदणी होते, आणि वयाची तीन वर्षे पूर्ण झाली की ते रोजच्या वर्गात बसू लागते.

नोंदणीत एकच अडचण आली. नातीचे आधार कार्ड अजून काढलेले नाही आणि सेविकाताईंनी पहिल्या दिवशी तेच मागितले, त्यामुळे जन्मदाखला आणि लसीकरणाचे कार्ड हातात असूनही आम्हाला परत यावे लागले. दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षिकांना फोन केल्यावर आईच्या आधार कार्डावर पोषण ट्रॅकरमध्ये, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींच्या सरकारी मोबाईल अ‍ॅपमध्ये, नाव चढले, आणि नियमही तसाच आहे. मुलाचे आधार नाही म्हणून कोणी परत पाठवत असेल, तर निमूट घरी न येता आईचे कार्ड पुढे करावे.

आता सेवेविषयी. केंद्र भाड्याच्या खोलीत आहे. वर पत्रा, एक पंखा, आणि मुले पंचवीसच्या वर. एप्रिल-मेच्या उन्हात त्या पत्र्याखाली मुलांना बसवणे मला पटत नाही. ताजे गरम जेवण मात्र नियमित मिळते. कधी खिचडी असते, कधी मोड आलेल्या मटकीची उसळ. हे जेवण उपकार म्हणून मिळत नाही, ही गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने तीन ते सहा वर्षांच्या मुलाला ठरवून दिलेल्या प्रमाणात कॅलरी आणि प्रथिने देणारा आहार हक्क म्हणून दिला आहे. घरी ताटावर रुसणारी आमची नात तिथे इतर मुलांच्या पंगतीत बसून वाटी चाटूनपुसून साफ करते, याचे श्रेय मात्र कायद्याला देता येणार नाही. दर महिन्याला वजन आणि उंची मोजतात, आणि विचारले तर आकडे दाखवतातही.

शिकवण्याच्या बाबतीत मी अर्धेच समाधानी आहे. गाणी, गोष्टी, मणी ओवणे, रंग ओळखणे हे सारे सेविकाताई मनापासून घेतात. परंतु एकाच बाईने वर्ग घ्यायचा, नोंदवह्या भरायच्या, मोबाईलमध्ये माहिती चढवायची आणि गरोदर मातांच्या घरीही जायचे, अशी कामाची रचना असल्यामुळे आठवड्यातले दोन दिवस तरी मुले मदतनीस ताईंच्या भरवशावर असतात. हा दोष त्या बाईंचा नाही.

तुलनेसाठी माझ्या भाचीचा अनुभव सांगते. शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांमधून तिने मुलासाठी खासगी शाळेच्या नर्सरीत अर्ज भरला. तिथे ३१ डिसेंबरला तीन वर्षे पूर्ण हवीत आणि वंचित गटातून अर्ज करायचा तर जातीचा दाखला हवा. हा दाखला असला की उत्पन्न पाहत नाहीत; खुल्या वर्गातून अर्ज करणाऱ्याला मात्र वार्षिक एक लाख रुपयांच्या आतील उत्पन्नाचा दाखला द्यावा लागतो, आणि मुंबईत घरभाडे भरून जगणाऱ्या किती कुटुंबांचे उत्पन्न खरोखर एवढे कमी असेल, हा प्रश्न मला दर वर्षी पडतो. त्यावर भाडेकरूला नोंदणीकृत भाडेकरार लागतो. भाचीचे घरमालक नोंदणीला तयार नव्हते, त्यामुळे सोडतीत नाव लागूनही पडताळणीत अर्ज बाद झाला. सोय आहे, पण तिच्या दारापर्यंत पोहोचायला जी कागदपत्रे लागतात, ती नेमकी ज्यांना सोय हवी त्यांच्याकडे नसतात. अंगणवाडीत तसे नाही. फक्त आत गेल्यावर खोली अपुरी पडते.

पाचपैकी साडेतीन तारे देते. अर्धा तारा पत्र्यासाठी कापला आणि एक सेविकाताईंवर लादलेल्या नोंदवह्यांसाठी. भाचीच्या मुलाचे नावही गेल्या सोमवारी याच केंद्रात घातले. तिथे भाडेकरार कोणी मागितला नाही.