मोबी डिक आणि कॉसमॉस: सात महिने सोबत वाचल्यावर

जूनमध्ये दोन्ही एकदमच घेतली वाचायला, रोज रात्री जेवणं उरकली की हर्मन मेलव्हिलची कादंबरी मोबी डिक आणि रविवारी सकाळी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनचं विश्वाबद्दलचं पुस्तक कॉसमॉस, आत्ता जानेवारीत संपली म्हणून लिहितोय.

मोबी डिकबद्दल सगळे सांगतात की स्टोरी भारी आहे, मधली देवमाशांच्या माहितीची प्रकरणं सोडून द्या. मी आधी एकदा तसंच वाचून अर्ध्यात ठेवून दिली होती. यावेळी 135 च्या 135 प्रकरणं वाचली आणि मत पार बदललं, ती प्रकरणं काढली तर देवमाशामुळे पाय गमावलेल्या कॅप्टनचा त्या देवमाशावरचा सूड एवढाच उरतो. मेलव्हिल 1841 मध्ये स्वतः देवमासे मारायच्या जहाजावर गेलेला, त्यामुळे चरबी सोलणं, तेल कढवणं वाचताना अक्षरशः वास येतो. 92 वं प्रकरण अंबरवर आहे, कोकणात पकडली की पेपरात 'व्हेल माशाची उलटी' छापून येते तीच. खरं तर ती आतड्यात तयार होते, आणि 1851 च्या या पुस्तकातच लिहिलंय की बडे लोक ज्या सुगंधावर खूश असतात तो आजारी देवमाशाच्या आतड्यातला आहे!

फक्त निवेदक इश्माएल देवमाशाला ठामपणे मासाच म्हणतो, फुप्फुसं आणि गरम रक्त माहीत असूनही, तिथे फसू नका. आणि टीपा असलेली, मोठ्या टाईपची आवृत्ती घ्या, माझ्या प्रतीत टाईप फार बारीक होता.

कॉसमॉस 1980 चं, सूर्य सोडून इतर ताऱ्यांभोवतीचे ग्रह तेव्हा सापडलेही नव्हते, म्हणून काही भाग जुना झालाय. पण देवमाशांच्या गाण्यांची पानं आजही हलवून सोडतात. समुद्रात जहाजांचा गोंगाट वाढला तसा त्यांचा आवाज एकमेकांपर्यंत पूर्वीइतक्या लांब पोचेना, असं सेगन सांगतो. 1977 च्या व्हॉयेजर अवकाशयानांवर परग्रहवासीयांसाठी पाठवलेल्या आवाजांच्या सोनेरी तबकडीत याच सेगनच्या टीमने देवमाशाचं गाणं घातलंय.

हे वाचलं त्याच रात्री मोबी डिकचं 87 वं प्रकरण आलं. शिकाऱ्यांची होडी कळपाच्या मधोमध अडकते, तिथे पाणी एकदम शांत, खाली वाकून बघतात तर माद्या पिल्लांना पाजतायत. पिल्लं होडीपाशी येतात आणि क्वीक्वेग, भाला फेकणारा माणूस, त्यांच्या कपाळावर थोपटतो. हे पान मी आईला मराठीत सांगत सांगत वाचून दाखवलं, तिने लगेच विचारलं, मग मारलं का रे त्यांना? म्हटलं, अख्ख्या कळपातला एकच लागतो हाती, बाकीचे निसटतात तेवढ्यापुरते.